मशीनचं पाणी

अहो, तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले आणि मी अजून सकाळी उठले की आधी खिडकीची पट्टी बघते. तुमची खोड मला लागली. चहाच्या आधी तुम्ही त्या पट्टीवरून बोट फिरवायचात आणि ते पांढरंफट बोट माझ्या तोंडासमोर धरायचात. "बघ, आजचं आलं." जणू पेपरच आलाय. मी म्हणायचे, "पुसा ते आणि चहा घ्या, थंड होतोय." तुम्ही बोट बनियनला पुसायचात आणि मग मी बनियनवरून बोलायचे. आपली सकाळ अशीच सुरू व्हायची.

आज मी रडायला बसलेले नाही. रडून झालं. आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी दीड वर्ष मी तोंडातून काढली नाही. खालच्या दगड कापायच्या मशीनचं पाणी कोणी पळवलं, म्हणून तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला विचारत होतात ना? चेअरमन परबांना तर तुम्ही जिन्यात गाठून वाट्टेल ते बोललात. ते पाणी परबांनी नाही घेतलं. मी घेतलं. तुमच्या बायकोने.

थांबा, लगेच खेकसू नका. एकदा तरी माझं पुरतं ऐकून घ्या.

त्या वर्षीचा फुलपाड्यातला उन्हाळा आठवतोय ना? नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. सोसायटीचा टँकर कधी यायचा, कधी नुसतं "रस्त्यात आहे, रस्त्यात आहे" म्हणायचा. पुरुषांनी सही-शिक्के सांभाळायचे आणि पाण्याचा ताप बायकांच्या गळ्यात मारायचा, ही आपल्या सोसायटीची रीतच आहे. कमिटीत पाण्याचं काम माझ्याकडे. टाकीच्या कुलपाची किल्ली माझ्या कंबरेला आणि बिल्डिंगभरच्या शिव्या माझ्या कानाला. तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण एक दिवस आपल्या दारात उभी राहून रडली, बाळाची दुपटी धुवायला पाणी नाही म्हणून. तुम्हीच तिला आपली भरलेली कळशी दिलीत.

त्याच दिवसांत शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठायला लागला. ठेकेदाराला जिन्याच्या पायऱ्यांचा आणि ओट्यांचा ग्रॅनाइट कापायला शेड हवी होती, आणि ती आपल्या मागच्या भिंतीला टेकवायची होती. बरोब्बर आपल्या खिडकीखाली. त्यासाठी त्याला सोसायटीचं पत्र लागणार होतं. परब तर बिल्डिंगला रंगाचा एक हात मारून द्या म्हणून पत्र द्यायला निघालेच होते. मी म्हटलं, "रंग काय चाटायचाय? पाणी मागा." त्याच्या साईटवर रोज दोन टँकर यायचे, एक बांधकामाला आणि एक कटिंगला. मी सरळ म्हटलं, एक आमच्या टाकीत सोडा. तो म्हणाला, "काकी, मग कटिंगला काय मारू?" मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही बघा." तो हसला. "मग सुकं कापू."

सुकं कापणं म्हणजे काय, ते परबांना कळलं नसेल. ते बँकेतले. मला कळत होतं हो. मी फरशीवाल्या मिस्त्रीची बायको. पात्यावर पाण्याची धार असली की चिखल होतो, नसली की धूळ उडते. तीस वर्षं तुमचे शर्ट मी गॅलरीत झटकलेत. पिठाच्या गिरणीवाल्यासारखे घरी यायचात, पापण्यासुद्धा पांढऱ्या. आणि ही बोलणी झाली त्याच्या चारच महिने आधी आपण मुंबईच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. इथल्या डॉक्टरने टीबी टीबी करत सहा महिने गोळ्या चारल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि एकच विचारलं, "काम काय करता?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मग ते म्हणाले, दगडाची बारीक पूड फुप्फुसात बसलीय, ती आता निघायची नाही. यापुढे धुळीपासून लांब राहायचं, एवढंच औषध. तुम्ही त्या दिवशी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकलीत. धूळ सोडून घरी बसलात, आणि मी ती धूळ टँकरच्या बदल्यात घरी मागवली.

मला वाटलं, पंधरा दिवसांचं तर काम. ठेकेदारही तसंच म्हणाला होता. पंधरा दिवस खिडकी लावून घेऊ, मग शेड हलेल. आणि अजून एक खरं सांगते, आता लपवून काय करू? पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली तेव्हा बायकांनी मला डोक्यावर घेतलं. "काकी, तुम्ही होतात म्हणून!" मला फार बरं वाटलं. तुमच्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, पण कोणी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या त्या त्याच दिवशी. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोनाचे सहा. शेड काही हलली नाही आणि मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

तुम्ही मात्र पहिल्या आवाजालाच ओळखलंत. पलंगावरून उठलात, खिडकी उघडलीत आणि ओरडलात, "पाणी मार रे! पाणी मार!" दुसऱ्यांदा ओरडायला श्वास पुरला नाही. मग रोजचंच झालं. मी खिडकी लावायची, तुम्ही उघडायची. मी म्हणायचे, "अहो, उघडी ठेवून तुम्हीच खाताय ना धूळ!" तुम्ही म्हणायचात, "मी खाऊन बसलोय. ती पोरं आत्ता खातायत."

एकदा तर ऐन दुपारी एक्स-रेचा मोठा लिफाफा काखेत मारून खाली उतरलात. दोन मजले, चार ठिकाणी थांबून. मी गॅलरीतून बघत होते. कटरवर काम करणाऱ्या रामसजनला आणि त्याच्या जोडीदाराला बाजूला घेतलंत, आणि तो फोटो उन्हात धरून बोटाने दाखवायला लागलात. हे पांढरं दिसतंय ना, हा दगड. तोंडाला गमछा बांधून काही होत नाही, मीही रुमाल बांधायचो. रामसजन ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चाचा, ठेकेदार पानी देगा तभी तो मारेंगे. हमारा पानी तो आपकी बिल्डिंग पीती है."

वर आलात तेव्हा ओठ निळे पडले होते. बसायच्या आधी विचारलंत, "त्यांचं पाणी आपल्या टाकीत कोणी वळवलं? परबच असणार." मी तुमच्या पाठीवर हात फिरवत होते. म्हटलं, "मला काय माहीत."

बघा, एवढं सोपं होतं खोटं बोलणं. बायकांनीही तुम्हाला माझं नाव सांगितलं नाही; टँकर बंद पडलेला कोणाला हवा होता?

त्या दिवसापासून तुम्ही अर्ध्या बादलीत आंघोळ करायला लागलात. मी चिडले की म्हणायचात, "त्या पोरांचं पाणी आहे." मला वाटायचं, मला टोचायला बोलताय. मी आतून पेटायचे आणि तुमच्यावरच उलटायचे. एकदा बोलून गेले ते तुम्ही विसरला नसाल. "आलेत मोठे पाणी मारणारे! स्वतः कधी मारलंत? बंद खोलीत दारं लावून सुकं कापत होतात तेव्हा कुठे गेली होती अक्कल?" तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकाच्या भिंती खराब व्हायच्या ओलं कापलं की. म्हणून नाही मारलं. आणि चार पोरांना तसंच शिकवलं. म्हणून तर ओरडतोय." मी आत जाऊन भांडी आपटली. माफी मागायला हवी होती, ते राहिलंच.

महापालिकेत तुम्ही किती खेटे घातलेत! मोडक्या भाषेतला पण सुबक अक्षरातला अर्ज, वर तुमची ती लांबलचक सही. एकदा म्हणे साहेब नाहीत, एकदा म्हणे धूळ नक्की कुठल्या साईटची याचा पुरावा आणा. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. त्या टेबलावरच्या माणसाने तुमचे कागद चाळले आणि म्हणाला, "तुम्ही तर आधीपासूनच पेशंट आहात, काका. साईटचा काय संबंध?" तुमचं आजारपणच तुमच्या विरुद्ध साक्षीला उभं केलं मेल्याने. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं, संबंध आहे, तो संबंध मी जोडून दिलाय. पण मी पर्स घट्ट धरून उभी राहिले. रिक्षात तुम्ही म्हणालात, "बरं झालं तू आलीस. एकट्याला धीर नसता झाला." असं बोलायचात तुम्ही नेमकं नको तेव्हा.

शेवटी एकदा पाहणीला माणूस आला. ठेकेदाराला आदल्या दिवशीच कळलं होतं. सकाळपासून दोन्ही टँकर साईटवर रिकामे केले. शेड धुतली, पात्यावर धार सोडली, माती भिजवली. पाहणीवाला आला, ओली जमीन बघून फोटो काढून गेला. धूळ नाही, तक्रारीत तथ्य नाही. पण त्या दिवशी तुम्ही दुपारी खोकल्याशिवाय दोन तास झोपलात. मी घड्याळ लावून बघत होते. आणि बिल्डिंगची टाकी कोरडी ठणठणीत. बायका दारात आल्या, "काकांच्या तक्रारीपायी आमच्या पोरांनी शाळेत बिनआंघोळीचं जायचं का?" तुम्ही उठून बाहेर आलात आणि मी सगळ्यांच्या देखत तुम्हालाच म्हटलं, "झालं समाधान? आता बसा धूळ पीत." बायका हसल्या. तुम्हीही हसलात थोडं. ते हसू आता मला जेवू देत नाही.

तुम्ही माणूस म्हणून सोपे नव्हतात, हेही लिहून ठेवते. उद्या कोणी तुमचा देव करायला नको. जेवताना मीठ कमी म्हणायचात, मग जास्त म्हणायचात. शीतलच्या लग्नात मांडववाल्याशी भांडून लेकीच्या सासरच्यांपुढे लाज आणलीत. पण आपल्या स्वयंपाकघराचा ओटा तुम्ही तीन रविवार खपून बसवलात, लोकांच्या कामातून उरलेल्या तुकड्यांचा. अजूनही त्याचा सांधा नखाला लागत नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो डोळे मिटून शोधायला लावलाय. तुमच्यासमोर कधी कौतुक केलं नाही, तुम्ही डोक्यावर बसला असतात.

शेवटचे दोन महिने तर काय सांगायचं. ऑक्सिजनचं मशीन घरात, दगडाचं मशीन खाली, दोन्ही एकदमच सुरू. तुम्हाला वाक्य पुरं करता येत नव्हतं, पण परबांना शिवी द्यायला बरा श्वास सापडायचा. "परब्या... पाणीचोर." मी तोंडावर पदर धरायचे. तुम्हाला वाटायचं, हसतेय. शेवटच्या सकाळी तुम्ही खिडकीकडे बोट केलंत. मी म्हटलं, "लावलीय." तुम्ही मान हलवलीत. ती लाव म्हणत होतात की उघड म्हणत होतात, मला कळलं नाही. अर्ध्या तासात संपलंच सगळं.

तुम्हाला शेवटची आंघोळ घातली ती त्याच पाण्याने. दुसरं घरात होतंच कुठे? अर्ध्या बादलीत भागवणारा माणूस, आणि आम्ही तुमच्यावर चार बादल्या ओतल्या. शीतल म्हणाली, "आई, पुरे." माझा हात थांबेना.

आणि ऐका, मयत निघाली तेव्हा खाली शांतता. ठेकेदाराने मशीन बंद ठेवलं होतं, मान म्हणून! तो स्वतः हात जोडून फाटकात उभा होता. तुम्हाला खांद्यावरून नेलं त्या वाटेवर कणभर धूळ नव्हती. जिवंत माणूस दीड वर्ष खिडकीतून ओरडत होता तेव्हा त्याला मान आठवला नाही. मला वाटलं, तिथेच तिरडी खाली ठेवावी आणि त्याला विचारावं. पण मी कुठल्या तोंडाने विचारणार होते?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीने शोकसभा घेतली, कंपाउंडमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. एकेक जण उठून बोलत होता. काका किती शांत, काका किती मनमिळाऊ. मेल्या म्हशीला मणभर दूध. परबसुद्धा बोलले, "त्यांचा आवाज आता ऐकू येणार नाही." तेवढं एकच खरं बोलले. मग मी उठले. शीतलने हात धरला होता, तो सोडवला. म्हटलं, "यांना मारलं ते त्या धुळीने, आणि ती धूळ उडाली ती मशीनचं पाणी मी टाकीत घेतलं म्हणून. परबांचा दोष नाही. माझा आहे. हे मला त्यांना सांगायचं होतं, सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतेय. उद्यापासून तो टँकर साईटला परत द्या."

कोणीतरी खुर्ची सरकवली. परब म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव मी तेव्हाच सांगू शकलो असतो. तुमच्या घरात भांडण नको म्हणून मी त्यांच्या शिव्या खाल्ल्या." त्यात माया किती आणि सोय किती, देव जाणे. त्यांच्या घरीही तेच पाणी जात होतं. मग ती तिसऱ्या मजल्यावरची उठली, तिचं बाळ आता चालतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाली, "काकी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलंत. फक्त टँकर बंद करू नका हां." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अहो, मी नवऱ्याच्या मरणाची कबुली दिली आणि त्यांना टाकीची काळजी पडली. पण मी तरी कुणावर चिडू? दीड वर्षापूर्वी मीच त्यांच्यात पुढे होते.

सोमवारी टँकर आला तेव्हा मी टाकीचं कुलूप उघडलं नाही. किल्ली घेऊन दार लावून बसले. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकला. बेल वाजली, दार बडवलं, शीतलचा फोन आला, "आई, हे काय चालवलंयस?" मी हलले नाही. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. मंगळवारी त्यांनी कुलूप तोडलं. नवीन लावलं, नवी किल्ली परबांकडे. पाण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं, तसं पत्र दाराखालून आलं. टाकी भरली. खाली मशीन सुकंच.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी एक करतेय. नऊ वाजायच्या आत घरातल्या दोन बादल्या भरते आणि एक एक करून खाली नेते. दोन मजले, गुडघ्यांसकट. पहिल्या दिवशी रामसजन बघतच राहिला. मग त्याने ड्रम ओढला, पाणी ओतलं आणि बारीक पाइप पात्यावर सोडला. राखाडी चिखल झाला. हवेत काही नाही. बायका गॅलरीतून बघतात, डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात. म्हणू देत. रामसजनचा जोडीदार आताच खोकतोय, तुमचा सुरुवातीला होता तसा कोरडा.

दोन बादल्या साडेदहापर्यंत पुरतात. मग पुन्हा धूळ, आणि मी खिडकी लावून घेते. दीड तास, बस. पण दीड तास तर दीड तास, ती हवा तुम्हाला रोज मिळाली असती. माझ्याकडे पाणी नव्हतं असं नाही हो. एवढ्याच दोन बादल्या मी रोज घेत होते, आणि त्यांनी तुमच्या खोलीतली धूळ पुसत होते.